चौघांची साक्ष

पाळी सुटायची आणि पारनेरची एस.टी. कामगारांच्या डोळ्यांदेखत निघून जायची. पुढची गाडी थेट तीन तासांनी. सगळे ड्रायव्हरला शिव्या घालत. नागापूरच्या त्या कारखान्यात वायरमन गिदोन एकटाच म्हणाला, "गाडी वेळेवरच जाते. आपलं घड्याळ मागं पडतंय."

साहेब हसले. "भिंतीवरचं घड्याळ, हजेरीचं यंत्र, भोंगा आणि माझं हे मनगटावरचं. चौघं एकच वेळ सांगतात, आणि खरं तुझं एकट्याचं?"

"माझं मी रोज रेडिओवर लावतो, साहेब. भिंतीवरचं चालतं विजेवर. गावोगाव विहिरीवरच्या मोटारी सुरू झाल्या, की लाइन मंदावते आणि तेही रेंगाळतं. हजेरीचं यंत्र त्याच्यावरून लावतात, भोंगा यंत्र बघून देतात. राहिलं तुमचं. ते कशावरून लावता?"

साहेबांनी ऐटीत मनगट वर केलं. "भोंगा झाला रे झाला, की काटे जुळवतो! एक दिवस चुकवत नाही."

हात तसाच वर राहिला. तोवर गिदोननं भिंतीवरच्या घड्याळाखाली शिडी लावलीसुद्धा.