भिंतीवरचा ठिपका

"ही नाकाकडे जड आहे," म्हणत रासिम आगाने रायफल परत केली. "डुकराने झुडपातून तोंड काढलं, की ही खांद्याला लागेपर्यंत ते पलीकडच्या मक्यात जेवायला बसलेलं असेल."

नेजाती उस्ता बऱ्याच दिवसांनी हसला. पस्तीस वर्षं तो या डोंगरातल्या लोकांना बंदुका विकत होता, दुरुस्त करून देत होता. पण नुसत्या हातांनी रायफल ओळखणारा आगासारखा दुसरा नव्हता. गावच्या हाक्याचा म्होरक्या तोच. हाकारे खालून ओरडत डुकरं उठवणार, वर बंदूकवाले ओळीने उभे राहणार, आणि कोण कुठे उभा राहील ते आगा सांगणार. तिथे बंदूक कशावर टेकवायला वेळ नसतो. उभ्या उभ्या, एका श्वासात बार काढायचा.

आज जावई त्याला दारात सोडून बाजारात गेला होता. आगा उंबऱ्यावर जरा अडखळला. आत आल्यावर त्याने भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलंसुद्धा नाही. बाकीचे सगळे आधी तिकडे बघत आणि मान खाली घालत. उस्ताला बरं वाटलं. जाणता माणूस, उगाच खपली काढत नाही.

फोटो तुंजायचा होता, उस्ताच्या थोरल्याचा. गेल्या हिवाळ्याच्या तोंडी तो हाकारा म्हणून गेला आणि घोंगडीत गुंडाळून घरी आला. ओळीत आगाची धरून आठ बंदुका होत्या. आठांनीही शपथेवर सांगितलं, मी डुकरावरच झाडली. शिपायांनी कागद रंगवले, गोळी सापडली नाही, प्रकरण मिटलं. उस्ताचं मिटलं नाही. त्या दिवशी पोराच्या डोक्यावर होती तीच टोपी फोटोतही होती. भडक लाल. हाकाऱ्याने ती घालायचीच, हा नियम आगानेच केलेला. चाळीस पावलांवरून ती कुणालाच दिसली नाही? वर्षभर उस्ता दुकानात येणाऱ्या प्रत्येकाचे डोळे निरखत होता. कुणाचे झुकतात ते बघत होता. आगाचे झुकले नव्हते.

रायफल जोखायचा काळा ठिपका पूर्वी त्याच भिंतीवर होता, लहानग्या तुंजायने रंगात बोट बुडवून काढलेला. गिऱ्हाइकाने तो पाहून ठेवायचा, डोळे मिटायचे, रायफल झटक्यात खांद्याला लावायची आणि मग डोळे उघडायचे. नळीच्या टोकावरची नेमाची माशी ठिपक्यावर आली तर बंदूक आपली, नाहीतर दुसऱ्याची. पोरगा गेल्यावर उस्ताने तळहाताएवढ्या काळ्या चौकटीतला फोटो त्या ठिपक्यावरच टांगला, आणि नवा ठिपका खिडकीशेजारी काढला. आगा त्यानंतर आज पहिल्यांदाच दुकानात येत होता.

"जुनीला काय झालं, आगा?"

"विकली. म्हातारी झाली रे. नेम धरेना."

"आणि तुम्ही?"

"माझ्या वाटेला जाऊ नको." आगाने टेबल चाचपून चहाचा पेला उचलला. "रविवारी हाका आहे. डुकरांनी मक्याचं पार वाटोळं केलंय. तुझा इल्केर येतोय म्हणे."

धाकट्याने हट्टच धरला होता. भावाचीच टोपी घालून जाणार होता.

"एकच उरलाय तो, आगा."

"म्हणून तर त्याला माझ्या बाजूला धाडणार. माझ्या नजरेखाली राहील. आणखी काय पाहिजे?"

उस्ताचे डोळे भरून आले. जनाज्याच्या दिवशीही यानेच पहिला खांदा दिला होता. तो उठला आणि आतल्या कपाटातून एक रायफल घेऊन आला. आखूड नळी, अक्रोडाचा दस्ता. ती त्याने कुणालाच दाखवली नव्हती.

आगाने ती दोन्ही हातांवर तोलली. एकदा पुढे, एकदा मागे. त्याचा चेहरा उजळला.

"हिचा जीव बरोबर मधे आहे," तो म्हणाला. "अशी होय. ही माणसाची वाट बघत नाही."

"खांद्याला लावून बघा. ठिपका आता मी..."

"मला शिकवतोस? तुझ्या दुकानाला दार नव्हतं तेव्हापासून येतोय मी इथे."

आगा भिंतीकडे वळला. त्याने डोळे मिटले. रायफल आपली आपण उठल्यासारखी वर आली आणि खांद्यात बसली. उस्ता त्याच्या पाठीमागे गेला, वाकला आणि नळीवरून पाहू लागला.

नळी खिडकीकडे नव्हती. माशी तुंजायच्या लाल टोपीवर बसली होती, तसूभरही न हलता. मिटल्या डोळ्यांनी आगाचे हात जुन्या सवयीने तिकडे गेले, त्यात त्याचा काय दोष, असं उस्ताने स्वतःला समजावलं.

"आगा," तो हळूच म्हणाला, "डोळे उघडा."

"उघडेच आहेत की," रासिम आगा म्हणाला. "बघ, बरोब्बर ठिपक्यावर बसलीय."