आडोसा

संध्याकाळी पावणेसहाला कारखाना सुटला, तेव्हा पुलावर समोरून इतका वारा होता की बरेच जण सायकली हातात धरून चालत निघाले. थोरला मात्र मान खाली घालून पायडल मारत राहिला. निम्म्या पुलावर मागून ओळखीची साखळी करकरली. धाकटा भाऊ! तीन वर्षं दोघांत अबोला होता. लहानपणी वारा सुटला की तो असाच थोरल्याच्या पाठीमागे आडोशाला यायचा. थोरल्याने वळून पाहिलं नाही. पाहिलं तर तो निघून जाईल, अशी धास्ती होती.

“दादा, जरा दमानं. मागे माणूस आहे.”

थोरल्याचा पाय पायडलवरून सटकला.

“मग चिकटून ये की, लेका. अंतर ठेवलंस की वारा मधे शिरतो.”

धाकट्याने चाक जवळ आणलं. पूल संपला. थोरल्याच्या घराची गल्ली आली, तो वळला नाही. धाकट्याचं घर तर कारखान्यालगतच होतं. त्याला पूल ओलांडायचं कारणच नव्हतं. साडेसहाला दोघं गावाबाहेरच्या रस्त्यावर होते, आणि वारा पडायचं नाव घेत नव्हता.