पायाळू बाळाचे तळवे

बाळ पायाळू होतं. "ओढू नका, सिस्टर, त्याचं त्याला येऊ द्या," डॉक्टर म्हणाले. भर दुपारी आधी दोन इवले पाय बाहेर आले. तळव्यांना माती लागली होती.

मग धड आलं, डोकं सुटलं, बाळ रडलं. बाळ-बाळंतीण सुखरूप. डॉक्टर हात धुवायला गेले.

तीस वर्षांत सिस्टरनी असं पाहिलं नव्हतं. कुणाला काही न सांगता त्यांनी ओल्या कापसानं तळवे लख्ख पुसले आणि बाळाला दुपट्यात गुंडाळून आईच्या कुशीत दिलं.

"सिस्टर, नऊ महिने लाथा मारणारे ते पाय तरी बघू द्या!" आई हसत म्हणाली.

सिस्टरनी नाइलाजानं दुपटं सोडलं.

या वेळी चिखल घोट्यापर्यंत होता.