सत्तरीला अकरा दिवस कमी

"आजी, तुमचं वय काय हो?"

पैजच तशी होती. मैदानाच्या पायऱ्यांवर बसलेल्या तिघी मैत्रिणींनी बजावलं होतं, बेकरीवाल्या आजींना तोंडावर वय विचारून दाखव, तर तू खरी. आणि ती कसली मागे हटतेय! वर्गात तिचं नाव वावटळ. दोन वर्षांपूर्वी हीच मुलगी फळ्यापर्यंत जाताना घामाघूम व्हायची, हे आता कुणाला सांगून पटलं नसतं. मग तिनं तीन हजार मीटरची शर्यत जिंकली, एकदा, मग दुसऱ्यांदा, आणि तिला कंठच फुटला.

"थांबून बोलायला वेळ नाही," आजी धावता धावता म्हणाल्या. "तिकडे पीठ फुगतंय. शेजारी धाव, मग सांगते."

आजींचं सगळं वेळापत्रक पिठावर. पहाटे उठून पावाचं पीठ मळायचं आणि ते फुगेपर्यंतचा सव्वा तास मैदानावर काढायचा. मंगळवारी जोरात, बुधवारी रमतगमत, गुरुवारी पाण्याच्या टाकीचा चढ. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की दुखऱ्या पोटऱ्यांवरून लाटणं फिरवायचं. त्याच लाटण्यानं बिस्किटं लाटतात, अशी शाळेत अफवा होती. बिस्किटं तरीही उरत नसत.

वावटळ शेजारी धावू लागली.

"एकोणसत्तर," आजी म्हणाल्या आणि एकदम हळहळल्या. "सत्तरीला मेले अकरा दिवस कमी पडतायत!"

"कमी पडतायत?" वावटळीला हसूच आलं. "माझी आई चाळीस पूर्ण झाली तेव्हा दोन दिवस कुणाशी बोलत नव्हती."

"अगं, रविवारी शर्यत आहे ना! आमचे गट पाच-पाच वर्षांचे. सत्तर पूर्ण असती तर त्या गटात मी सगळ्यात तरुण. नुसती भराभर चालले असते तरी पहिली. आता पळायचं त्या पासष्टच्या पोरींबरोबर. एकेकीचे गुडघे कसे नवेकोरे!"

यावर मात्र वावटळ हसली नाही. तिचंही गाडं नेमकं तिथंच अडलं होतं. गेल्या मंगळवारी तिला सोळा पूर्ण झाली. म्हणजे सोळाच्या आतला गट संपला. रविवारी त्याच मैदानावर तिला अठराच्या आतल्या मुलींत धावावं लागणार होतं. त्या मुली तिनं सराव करताना पाहिल्या होत्या. काय त्यांच्या टांगा! आपण शेवटच्या येणार, हे तिनं त्याच दिवशी ओळखलं. घरी फ्रिजवर तिचे दोन चषक. बाबा आल्यागेल्याला ते खाली काढून दाखवायचे. शेवटची आलेली मुलगी त्यांनी अजून पाहिलीच नव्हती. म्हणून तिनं परवा घरी सांगून टाकलं, गुडघा दुखतोय, यंदा राहू दे. शाळेत नाव द्यायचा आज शेवटचा दिवस. दुपार उलटली की सुटले, असं तिनं ठरवलं होतं.

"मग ही शर्यत सोडा की," ती म्हणाली. "पुढच्या वेळी सत्तरीच्या गटात धावा. पहिल्या याल."

"येईन ना. येणारच आहे. पण ही का सोडू?" आजी एकाच लयीत धावत होत्या. "गेल्या वर्षी मी त्या पोरींत पाचांत पाचवी आले. आणि सहा वर्षांतली माझी सगळ्यात चांगली वेळ त्याच दिवशी नोंदली गेली. पुढे चार पाठी दिसत होत्या, पायच थांबेनात! पुढे कुणी नसलं की मी आळशी होते बाई."

वावटळीला तिची दुसरी शर्यत आठवली. शेवटची अख्खी फेरी ती मागे वळून बघत बघत धावली होती. कुणीच जवळ नव्हतं. पहिल्या शर्यतीपेक्षा बारा सेकंद जास्त लागले. चषक हातात होता, म्हणून कुणी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

"पण घरचे काय म्हणाले? पाचव्या आलात तेव्हा?"

"सूनबाई म्हणाली, आई, तुम्ही सगळ्यात मागे होतात ना, म्हणून फोटोत एकट्याच छान आलात!"

वावटळीला हसता हसता ठसका लागला. पाचवी फेरी संपत आली होती.

"बरं, तुझा कुठला गुडघा दुखतोय?" आजींनी सहज विचारलं. "काल तुझी आई पाव न्यायला आली होती, ती सांगत होती."

वावटळीनं खाली पाहिलं. दोन्ही गुडघे बिनतक्रार पळत होते.

"उज... डावा."

"ठरव बाई एक काहीतरी. मी निघाले, पीठ वर आलं असेल." आणि आजी तशाच धावत फाटकाबाहेर गेल्या.

"ए, सांगितलं का वय?" पायऱ्यांवरून तिघी ओरडल्या.

"एकोणसत्तर! पण त्यांना वाढवून हवंय!" वावटळ ओरडली आणि थांबली नाही. मैदान, रस्ता, तीन जिने, एका दमात.

घरात आई डबा भरत होती. बाबा एक मोजा घालून दुसरा शोधत होते.

"अगं, धावत काय आलीस? गुडघा!" आई म्हणाली.

"गुडघ्याला काही झालेलं नाही. झालंच नव्हतं."

बाबा मोजा शोधायचे थांबले.

"रविवारी मी मोठ्या मुलींत धावणार आहे," वावटळ धापा टाकत म्हणाली. "आणि तुम्ही दोघांनीही बघायला यायचं. मी शेवटची येणार आहे!"