शालीखालचा हात

स्वस्थ बसल्यावर एस्तेरबाईंचा उजवा अंगठा तर्जनीवर घासू लागे. काही उचलायला गेल्या की कंप कमी होई.

चर्चमध्ये उपासनेआधी पाळकसाहेबांनी शाल पुढे केली. “बाई, मंडळीनं तुमच्यासाठी उपास-प्रार्थना केलीय. सगळ्यांसमोर ‘बरी झाले’ एवढीच साक्ष द्या. हात शालीत असू द्या.”

“मे महिन्यात शाल, पाळकसाहेब?”

“आधी विश्वासानं म्हणायचं, मग मिळतं. तुमचा विश्वासच कमी पडतोय.”

वर्षभर हेच ऐकून त्यांनी मुकाट्यानं हात पदराखाली घेतला होता. आज कानशिलं तापली. धडधाकट होत्या तेव्हा त्या प्रार्थना नुसती पाठ म्हणायच्या. बोटं ताठरून साडीच्या निऱ्या घालता येईनात, त्या सकाळी त्यांनी पहिल्यांदा खरी हाक मारली, आणि कुणीतरी जवळ येऊन बसल्यासारखं वाटलं. कंप राहिला, भीती गेली. आणि पाळकसाहेबांना नेमका तोच कंप झाकायचा होता.

शाल परत देऊन त्या मंडळीसमोर उभ्या राहिल्या.

“मी बरी झालेली नाही,” त्या म्हणाल्या. “देव मला या आजारातच भेटला. हा हात मी यापुढे झाकणार नाही.”