बेकार व्हायला सात दिवस

आठव्या दिवशी रुचिरा नेऱ्याला परत आली, तेव्हा तुळशीराम घराच्या ओट्यावर बसलेला होता. सात दिवस तो तिथंच बसला होता. तसं तिनेच सांगितलं होतं.

रुचिरा श्रमबाजाराची अर्थतज्ज्ञ. गावोगाव स्मार्ट मीटर लागल्यावर मीटर वाचणाऱ्या कंत्राटी माणसांपैकी कुणाचं काम खरोखर गेलं, हे ठरवायला वीज कंपनीने तिला नेमलं होतं. ज्याचं गेलं, त्याला सबस्टेशनात मदतनीस म्हणून कायम घेणार होते. यादी आज पाच वाजता बंद होणार होती. पनवेलच्या बाजूची एकोणचाळीस माणसं विनातक्रार बेकार निघाली. चाळिसावा तुळशीराम. तो अडला होता.

कंत्राट संपून तीन महिने झाले, तरी तो रोज गावात फेरी मारायचा. नव्या मीटरवर आठ आकडे एकामागून एक सरकत जातात. त्यातला युनिटचा कुठला, हे कुणाला कळत नव्हतं. तुळशीराम सांगायचा. मग कोणी मूठभर जवळा द्यायचं, कोणी शेवग्याच्या शेंगा. रुचिराच्या टॅबमध्ये प्रश्न होता : गेल्या सात दिवसांत मोबदला घेऊन एक तास तरी काम केलंत का? मोबदल्यात जवळा धरतात. शेंगाही धरतात.

"काका, सात दिवस काही करू नका," ती मागच्या खेपेला म्हणाली होती. "मी परत येते."

आता चार वाजून वीस मिनिटं झाली होती. तिने टॅब उघडला.

"काय केलंत आठवडाभर?"

"कायच नाय. बसलो."

"घराबाहेर पडलात?"

"ओट्याच्या खाली पाय नाय ठेवला, मॅडम."

रुचिराने समाधानाने मान हलवली. तेवढ्यात तिला खांबाला लटकवलेला पुठ्ठा दिसला. 'मीटर बघायची वेळ ९ ते १२. जेवताना येऊ नये.' शेजारी दोन प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. एकीवर पपई होती.

"हे काय?"

"मी जात नाय, तर लोकं येतात," तुळशीराम म्हणाला. "मोबाईलवर मीटरचा व्हिडिओ काढून आणतात. मी बसूनच सांगतो. उठलो नाय एकदा पण."

"काका, बसून केलेलं कामसुद्धा कामच असतं. मीही बसूनच करते."

तुळशीरामने तिच्याकडे जरा सहानुभूतीने पाहिलं.

"मागच्या आठवड्यात तुम्ही फिरते होतात," रुचिरा म्हणाली. "आता तुमचं कार्यालय झालंय."

आतून शकू बाहेर आली. तुळशीरामची बायको. तिचे हात तांदळाच्या पिठाने भरलेले होते.

"त्याने काय घेतलं नाय, मॅडम. जवळा मी घेतला, पपई मी घेतली. हा निसता खातो."

रुचिराने तसं भरलं. टॅबने थोडा विचार केला आणि नवं उत्तर दिलं. तिने ते मोठ्याने वाचलं. "घरच्या व्यवसायातील बिनपगारी मदतनीस."

"म्हंजे?"

"म्हणजे धंदा काकूंचा. काका त्यांच्या हाताखाली. दोघंही कामावर." तिने टॅबचा पडदा वर सरकवून एकदा खात्री केली. "स्मार्ट मीटर आल्यापासून या घरातला रोजगार दुप्पट झालाय."

 रोजगार वाढल्याचा आनंद ओट्यावर कोणी केला नाही.

"मग सबस्टेशनचं काय?" शकूने विचारलं.

"ते ज्यांचं काम गेलं त्यांच्यासाठी आहे."

शकूने हात पदराला पुसले. "तर मग लिवा, काम पण मीच करते. आकडा मीच सांगते. हा इथं उगाच बसलेला असतो."

"काकू, तुम्हाला मीटर वाचता येतो?"

उत्तर यायच्या आत खालच्या आळीतली रंजिता आली. एका हातात मोबाईल, काखेत दुधी. ती थेट तुळशीरामपुढे उभी राहिली. "दादा, बघ ना. बिलावर भलताच आकडा आलाय. यातला आपला कंचा?"

तुळशीरामने चष्मा लावला. शकूने पुढे होऊन मोबाईल घेतला.

पडद्यावर आकडे सरकू लागले. एक. दोन. तीन.

"तारीख, टाईम, व्होल्टेज," शकू पुटपुटली. "तो सोड. तो पण सोड. हां, थांब." तिने पिठाळ बोट टेकवलं. "ह्यो. बाजूला केडब्ल्यूएच लिवलंय ना, त्यो तुजा. बिलावर त्यांनी भलताच उतरवलाय. हाच फोटो घेऊन जा आणि बदलून घे."

रंजिताने सवयीने तुळशीरामकडे पाहिलं. रुचिरानेही पाहिलं.

"बरोबर आहे?"

तुळशीरामने चष्मा काढला. "बरोबर हाय."

"कधी शिकलात काकू?"

"आठ दिवस भाकऱ्या थापताना दुसरं काय कानावर पडतं?"

रंजिताने दुधी शकूच्या हातात दिला. "वैनी, उद्या जावेला पाठवू?"

"नवाच्या नंतर पाठव," शकू म्हणाली आणि दुधी घेऊन आत गेली.

रुचिराने तुळशीरामच्या नावापुढचा प्रश्न पुन्हा उघडला आणि 'नाही' दाबलं. खोटं लिहिल्यासारखं तिला वाटलं नाही. चार एकोणपन्नासला त्याचं नाव यादीत चाळिसावं लागलं.

"झालं, काका," ती म्हणाली. "अभिनंदन."

तुळशीराम चष्म्याची घडी करून खिशात ठेवत होता. मग त्याने तो परत काढला आणि नुसता हातात धरून बसला. आज पहिल्यांदाच तो काम गेलेल्या माणसासारखा दिसत होता.