तीन तासांतले दोन

"पाद्रीबाबाला मका द्या, सरपण द्या, डुकराची तंगडी द्या. वर आता मास्तर पण पोसायचा? अगं बाई, जमायचं कसं?" जंगल तोडून वसवलेल्या त्या अमेरिकी वस्तीचा म्होरक्या भरसभेत खेकसला.

पोरांसाठी शाळा मागणाऱ्या मर्सीचं डोकंच फिरलं. तिच्या तिन्ही पोरींना अजून स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं.

"नवा मास्तर मागतंय कोण? पाद्रीबाबा दर रविवारी तीन तास प्रवचन झोडतात. एक तास देवाला पुष्कळ झाला. उरलेले दोन तास त्यांनी पोरांना शिकवावं!"

पाद्रीबाबा लालबुंद झाले. पण झाडून सगळ्या पुरुषांचे हात वर गेले. बायकांना तिथं मत नव्हतं, तरी पाद्रीबाबांच्या बायकोनं दोन्ही हात वर केले.

"हाच नियम," ती म्हणाली, "आमच्या घरातपण लावा."